गाडीची काच अडते तेव्हा

मोटारीच्या दाराची काच अडली की दोष फ्यूज, बटण, मोटर, रेग्युलेटर (काच वर-खाली करणारी यंत्रणा) किंवा काच सरकते ती रबरी खाच, बहुधा यांपैकी एकात असतो. सगळ्याच काचा एकदम बंद पडल्या तर आधी फ्यूज पाहावा आणि उडालेला असल्यास तेवढ्याच अँपिअरचा नवा बसवावा. जास्त अँपिअरचा बसवल्यास वायरिंग जळू शकते. एकच काच बंद असेल तर बटण दाबून दाराला कान लावावा. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण काच हलत नाही, याचा अर्थ बहुधा रेग्युलेटरची केबल तुटली आहे.

बीड जिल्ह्यासारख्या कोरड्या, धुळीच्या भागात काच जड चालण्याचे कारण पुष्कळदा रबरी खाचेत बसलेली धूळ असते. परळीच्या औष्णिक केंद्राच्या परिसरात राखेची त्यात भर पडते. खाच ओल्या फडक्याने पुसून, वाळल्यावर सिलिकॉन स्प्रे मारावा. इंजिन ऑइल किंवा ग्रीस मुळीच लावू नये. त्याने रबर फुगते आणि धूळ अधिकच चिकटते.

एवढे काम घरी सहज होते. दाराचे पॅड उघडावे लागले, तर गॅरेज बरे. पॅडच्या क्लिपा चटकन तुटतात, आतले पत्रे धारदार असतात आणि आधार न दिलेली काच खाली कोसळते. भर पावसात काच खालीच अडकली, तर ती दोन्ही तळव्यांत धरून वर ओढावी आणि चिकटपट्टीने चौकटीला बांधावी. गाडी वॉरंटीत असल्यास दार स्वतः उघडू नये.