गॅस न पेटवता तीन दिवस : सहा किलोंची आपत्कालीन शिदोरी

३० जुलै २०१४. आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर सकाळी डोंगर कोसळला. गाव जागेवर नाही, हे आधी लक्षात आलं ते तिथे पोचलेल्या एसटीच्या चालकाच्या. दीडशेच्या वर माणसं गेली. चिखल आणि पावसामुळे मदत पोचायलाही वेळ लागला.

आहुपे असो की जुन्नरचं हातवीज, या पट्ट्यात पावसाळ्याची बेगमी नवी नाही. तांदूळ, नाचणी, सुकट, सरपण सगळं मे महिन्यातच घरात येतं. मग वेगळी शिदोरी कशाला? कारण ही बेगमी चुलीवर अवलंबून आहे. शिवाय रात्री घर सोडून शाळेत जायची वेळ आली, तर तांदळाची कणगी उचलून नेता येत नाही.

म्हणून न शिजवता खाता येईल असंच घ्यायचं. माणसाला दिवसाला साधारण २१०० कॅलरी लागतात, म्हणजे ढोबळमानाने अर्धा किलो कोरडा खाऊ. चौघांचे तीन दिवस धरले तर सहा किलो : पोहे २ किलो, फुटाणे दीड किलो, शेंगदाणे दीड किलो, गूळ १ किलो. दर बदलतात, पण सहाशे-सातशे रुपयांत साधारण बसतं. एकदम जमत नसेल तर दर आठवडे बाजाराला एकेक जिन्नस घ्या. महागडी बिस्किटं लागत नाहीत.

घरात दात नसलेली आजी किंवा लहान मूल असेल तर फुटाणे आधीच दळून ठेवा. गुळाच्या पाण्यात कालवलं की झालं. लहानग्यांना अख्खे शेंगदाणे देऊ नका, घशात अडकतात.

भरायला कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्या उत्तम, पण आतून खडखडीत वाळलेल्या हव्यात. जरा ओल राहिली की बुरशी आलीच. सगळं एका सॅकमध्ये, दाराजवळ. सोबत मीठ, चमचा, टॉर्च, रेशनकार्डाची झेरॉक्स.

खरी अडचण पाण्याची. पिण्यालाच माणशी रोज तीन लिटर धरलं तर चौघांचं तीन दिवसांचं ३६ लिटर होतं. एवढं पाठीवर नेणं शक्य नाही. दोन बाटल्या भरून घ्या आणि क्लोरीनच्या गोळ्या ठेवा. त्या किती पाण्याला किती, हे पाकिटावर वाचून बाटलीवरच लिहून टाका.

पाऊस सरला की सॅक उघडायची. शेंगदाणे खवट व्हायच्या आत दिवाळीच्या चिवड्यात जातात, पोहेही तिथेच. पुढच्या मे महिन्यात पुन्हा भरायची.