काटा अर्ध्यावर, टाकी कोरडी

घरची किंवा गटाची जुनी गाडी ज्यांच्याकडे आहे, त्यांनी आज जरा कान देऊन ऐका. विषय आहे पेट्रोलच्या काट्याचा. हा विषय आम्ही हौसेनं घेतलेला नाही, या काट्यापायी आमचा एक गट मोडायची वेळ आली होती.

आमच्या गटांची मिळून एक जुनी पेट्रोल व्हॅन आहे. वेल्ह्याकडचा आंबेमोहर, नाचणीचे पापड असा माल नसरापूरला आणि पुढे कात्रजमार्गे पुण्याला जातो. व्हॅन आमचीच एक ताई चालवते, रात्री गाडी तिच्याच अंगणात उभी असते. एका संध्याकाळी काटा अर्ध्यावर बघून आम्ही माल भरून ठेवला. सकाळी मार्गासनीच्या पुढे गाडी बंद. टाकीत थेंब नाही, काटा मात्र अर्ध्यावरच.

पुढच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, "मग पेट्रोल रात्रीत गेलं कुठं?" ताईच्या मुलाकडे मोटारसायकल आहे. नाव कुणी घेतलं नाही, पण सगळ्यांनी बघितलं तिच्याकडेच. तिनं चावी सतरंजीवर ठेवली आणि उठून गेली.

आम्ही आधी वही काढली. पाच आठवड्यांत 38 लिटर पेट्रोल भरलं होतं आणि गाडी 520 किलोमीटर चालली होती. म्हणजे लिटरला साडेतेराच्या वर. आधीच्या वर्षीही साधारण एवढंच पडत होतं. पेट्रोल कुणी काढत असतं, तर हा आकडा खाली आला असता. तेव्हा लबाडी काट्याचीच होती.

हा काटा चालतो कसा? टाकीच्या आत एका दांडीच्या टोकाला तरंगणारा गोळा असतो. पेट्रोल कमीजास्त झालं की गोळा खालीवर होतो आणि दांडीचं दुसरं टोक एका पट्टीवरून सरकतं. त्या पट्टीतून विजेला कमीजास्त अडथळा होतो. तिथून एक वायर पुढे काट्याला जाते. म्हणजे बिघाड चार ठिकाणी असू शकतो: टाकीतलं युनिट, त्याचं अर्थिंग, वायर, नाहीतर खुद्द काटा.

तपासणी स्वस्तातल्या गोष्टीपासून सुरू करायची. चावी फिरवल्यावर इंजिनच्या तापमानाचा काटाही मेलेला असेल, तर आधी फ्यूज बघा. तो ठीक असेल तर चावी बंद करून टाकीकडून येणारी वायर सोडवायची आणि पुन्हा चावी चालू करायची. बहुतेक जुन्या गाड्यांत काटा रिकाम्याकडे जातो. मग ती वायर छोटा बल्ब मध्ये घालून गाडीच्या लोखंडाला टेकवायची, काटा भरलेल्याकडे चढतो. काही गाड्यांत हे उलट असतं, त्याचं काही नाही. काटा हलतो का, एवढंच बघायचं. जुने काटे सावकाश हलतात, अर्धा मिनिट थांबा. हलला तर काटा आणि वायर चांगले, दोष टाकीकडे. नाही हलला तर वायर तुटलीय किंवा काटाच गेलाय.

टाकीकडे दोष निघाला, तरी लगेच टाकी उघडू नका. आपल्याकडच्या पावसात अर्थिंगची जागा गंजते. जुनी जागा घासून किंवा एक जादा वायर जोडून बघा, कित्येकदा तेवढ्यावर भागतं.

आता एक गोष्ट बजावून सांगतो. वायरीची तपासणी उघड्यावर, टाकीचं झाकण लावून करायची. टाकीतलं युनिट काढायचं काम मात्र मेकॅनिकचंच. आधी बॅटरीची वायर काढायची, जवळ चूल, बिडी, ठिणगी काही नको. पेट्रोलची वाफ दिसत नाही, आणि रिकामी टाकी भरलेलीपेक्षा कमी धोक्याची नसते.

आमच्या व्हॅनमध्ये वायर सोडल्यावर काटा हलला, अर्थिंगही ठीक होतं. मेकॅनिकनं युनिट काढलं तर दांडी गंजून मधोमध अडकलेली. गोळा हलवून बघितला, आत पेट्रोल शिरलेलं नव्हतं. ते शिरलं असतं तर गोळा बुडाला असता आणि भरल्या टाकीतही काटा रिकामंच दाखवत राहिला असता.

मग हे इतके दिवस कळलं कसं नाही? आम्ही दर खेपेला पाचशेचंच पेट्रोल टाकायचो, म्हणजे पाच लिटरही नाही. टाकी कधी पूर्ण भरलीच नाही, त्यामुळे काटा वर चढायला हवा होता हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. आता महिन्यातून एकदा टाकी फुल करतो, किलोमीटर लिहितो, पुढच्या वेळी पुन्हा फुल केली की भागाकार करतो. काटाही सपाट जागेवर गाडी उभी करूनच बघतो, कारण चढावर पेट्रोल एका बाजूला जातं आणि चांगला काटाही खोटं बोलतो.

मेकॅनिकनं काढलेली ती गंजकी दांडी आम्ही बैठकीत सतरंजीवर ठेवली. ज्या बाईनं पहिला प्रश्न विचारला होता, तिनंच चावी उचलून ताईच्या घरी नेऊन दिली. ताईनं चावी घेतली आणि म्हणाली, "गाडी चालवीन. पण किलोमीटरची वही इथून पुढं तुम्ही लिहायची."