आडाच्या काठावरच्या खाचा

"तुमच्या गावात पाहण्यासारखं काय आहे?"

प्रश्न साधा होता. विचारणारी बाई चाळिशीची, हसतमुख, इटलीतल्या सिएना गावची. आम्ही आठ जण तिच्या गाडीत बसलो होतो. लेक नोकरीनिमित्त मिलानला असते. तिनं आईवडिलांना हौसेनं बोलावलं आणि फ्लॉरेन्सहून निघणाऱ्या एका दिवसाच्या सहलीत बसवून दिलं. वाटाडी बाई प्रत्येकाला त्याच्या गावाबद्दल विचारत होती. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "काही नाही. आमचा दुष्काळी तालुका."

एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेल्या माणसानं दिलेलं हे उत्तर! शेजारी बसलेल्या सौ.नं माझ्याकडे असं पाहिलं, की मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

बाहेर टेकड्या होत्या आणि प्रत्येक टेकडीच्या डोक्यावर एक गाव. आपल्याकडे डोंगरावर किल्ला असतो, देव असतो. तिथं अख्खं गाव असतं, बाजारासकट, चर्चसकट. शत्रू लांबून दिसावा म्हणून आणि खालच्या दलदलीतल्या हिवतापापासून सुटका व्हावी म्हणून लोक वर राहायला गेले. मोंतेरिज्जोनी हे तर सिएनानं फ्लॉरेन्सवर नजर ठेवण्यासाठी १२१३ पासून पुढच्या पाच-सहा वर्षांत बांधलेलं ठाणं. गोल तटबंदी आणि चौदा बुरूज. एका दारातून आत शिरावं आणि पाच मिनिटांत दुसऱ्या दारातून बाहेर पडावं, एवढंसं गाव. पण ती बाई त्यावर तासभर बोलली आणि आम्ही तासभर ऐकलं.

सान जिमिन्यानोमध्ये एके काळी बहात्तर मनोरे होते. शेजाऱ्याचा उंच, तर माझा त्याहून उंच, अशी श्रीमंतांची भाऊबंदकी! आज चौदा उरले आहेत. १९९० मध्ये हे गाव जागतिक वारशाच्या यादीत गेलं. सगळे माना वर करून मनोरे बघत होते. मी मात्र चौकातल्या विहिरीपाशी थांबलो. १२७३ सालची ती विहीर. चौकालाही तिचंच नाव आहे. तिच्या अष्टकोनी दगडी कठड्यावर खोल खाचा पडलेल्या होत्या. दोर ओढून ओढून पडलेल्या.

आमच्या कवठे महांकाळच्या घराच्या परसात आड आहे. त्याच्या काठावर अशाच खाचा आहेत. लहानपणी मी त्यांत बोट घालून बसायचो. आई घागर ओढायची आणि म्हणायची, "सरक बाजूला, दोर लागंल." १९७२ च्या दुष्काळात तो आड आटला, तेव्हा ती रोज कडेपर्यंत जायची, आत वाकून बघायची आणि परत यायची.

डोंगरावरच्या त्या गावांचीही खरी अडचण पाण्याचीच होती. कुणी छपरावरचं पावसाचं पाणी हौदात साठवलं. सिएनानं तर शहराखाली सुमारे पंचवीस किलोमीटर भुयारं खोदली आणि झिरपणारं पाणी गावातल्या कारंज्यांपर्यंत आणलं. ती बाई हे सांगताना मला वाटलं, हिला आमच्या तालुक्याबद्दल सांगता आलं असतं. तिला ते सगळ्यांत आधी कळलं असतं. पण मी तर "काही नाही" म्हणून बसलो होतो.

परत आल्यावर ते उत्तर मनातून जाईना. शेवटी यंदा फेब्रुवारीत ठरवलं, की आपणही एक दिवसाची सहल काढायची. आठच माणसं, एकच गाडी आणि वाटाड्या मी. लेक-जावई सुट्टीवर आले होते, दहा वर्षांची नात होती, आम्ही दोघं, शाळेतले माझे एक जुने सहकारी आणि दोन माजी विद्यार्थी. त्यांतला एक द्राक्षबागायतदार. गाडी त्याचीच आणि चालवणाराही तोच.

ग्रामदेवता महांकालीचं दर्शन घेऊन सकाळी सातला निघालो. पहिला मुक्काम कुकटोळीजवळचा गिरलिंगाचा डोंगर. गावकरी त्याला जुना पन्हाळा असंही म्हणतात. चढताना सौ. दोनदा बसली आणि दोनदा "तुम्हाला हौस!" म्हणाली. वर मात्र मोठं पठार आहे आणि कातळात कोरलेल्या लेण्यात महादेव. बाहेर ऊन तापू लागलं होतं. आत पाऊल टाकलं की गार.

मी घसा साफ केला. म्हटलं, मंडळी, इटलीत ते बुरूजवालं मोंतेरिज्जोनी बांधायला घेतलं, त्याच्या जेमतेम वर्षभर आधी, १२१२ च्या सुमारास, देवगिरीच्या यादव सिंघणानं पन्हाळ्याच्या शिलाहार राजा भोजाचा पराभव केला आणि कोल्हापूरचं राज्य बुडालं. तिकडे दोन शहरं टेकड्यांसाठी भांडत होती, इकडे दोन राजघराणी. नात म्हणाली, "म्हणजे एकाच वेळी?" एकाच वेळी. वर्गात एकतीस वर्षांत ही दोन सालं मी कधी शेजारी शेजारी ठेवली नव्हती.

तेवढ्यात आमचा बागायतदार हळूच म्हणाला, "सर, एक सांगू का? तुम्ही आम्हाला फ्रेंच राज्यक्रांती शिकवली, ती मी हितं बसून पाठ केली. शेरडं सोडायची पठारावर आणि लेण्याच्या सावलीत पुस्तक उघडायचं. पण पुस्तकात हे लेणं नव्हतं आणि तुम्हीपण कधी बोलला नाही."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. म्हणूनच ते जास्त लागलं. मी म्हटलं, "चुकलंच माझं." तो गडबडला, "तसं नव्हं सर," म्हणाला आणि पाण्याची बाटली पुढे केली.

दुपारी दंडोबाला गेलो. मिरज आणि कवठे महांकाळ तालुक्यांच्या सीमेवरचा हा डोंगर. श्रावणी सोमवारी इथं पाय ठेवायला जागा नसते. आज शुकशुकाट होता. देऊळ कातळ फोडून आत कोरलेलं आणि गाभाऱ्याभोवती कातळातूनच प्रदक्षिणेची अंधारी वाट. नातीनं तीन प्रदक्षिणा घातल्या, एक देवासाठी आणि दोन भीती मोडायला. झाडाखाली शाळूच्या भाकरी, शेंगांची चटणी, खर्डा आणि दही असं जेवण झालं. जावयांनी खर्डा जरा धाडसानं घेतला, त्यामुळे पुढची दहा मिनिटं ते कुणाशी बोलले नाहीत.

माथ्यावरून खाली पाहिलं. हिरवे चौकोन द्राक्षांचे, मधेमधे बेदाण्याच्या शेड आणि त्यापलीकडे करडा माळ. म्हैसाळच्या योजनेनं कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून या भागात आणलं, तेव्हापासूनचं हे हिरवं. पाणी जिथं पोचलं तिथं बाग, नाही पोचलं तिथं कुसळं. डोंगरावरून ती सीमा बोटानं दाखवता येते. मग मी अग्रणी नदीबद्दल सांगितलं. खानापूरच्या बाजूनं येते, आपल्या तालुक्यातून जाते, पुढे कर्नाटकात कृष्णेला मिळते. वर्षानुवर्षं कोरडी पडलेली ही नदी पुन्हा वाहावी म्हणून गेल्या दशकात गावोगावच्या लोकांनी हात लावला.

सहकारी सर म्हणाले, "आणि पाण्याची रेल्वे सांगा की!" एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन निघालेली गाडी आमच्याच पंढरपूर मार्गानं गेली. १९२७ मध्ये मिरजेपर्यंत आलेल्या या रुळांवर आमच्या लहानपणी अरुंद, छोटी गाडी धावायची. आता रूळ रुंद झालेत. कवठ्याच्या स्टेशनावरून ते टँकर जाताना मी पाहिले होते. स्वतः तहानलेला तालुका दुसऱ्याचं पाणी जाताना बघत उभा होता, पण स्टेशनावर कुणी वाकडं बोललं नाही. तहान काय असते, ते इथं कुणाला शिकवावं लागत नाही.

आरेवाडीचं बिरोबाचं बन राहिलं. महाराष्ट्र-कर्नाटकातल्या धनगर बांधवांचं ते मोठं दैवत. ते असं घाईनं उरकायचं ठिकाण नाही. पुढच्या वेळी, असं ठरवून परत फिरलो.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. हातपाय धुवायला सगळे परसात गेले. नळ आल्यापासून आडावर लोखंडी जाळी आहे आणि त्याच्याकडे कुणी फारसं बघत नाही. नात काठावर वाकली होती. म्हणाली, "आबा, ह्या रेघा कशाच?"

"दोराच्या. घालून बघ बोट."

तिनं घातलं. पेरभर आत गेलं. "एवढं कुणी ओढलं?"

"माझ्या आईनं, तिच्या सासूनं आणि तिच्याही सासूनं."

ती एकेका खाचेवरून बोट फिरवत राहिली. लेक मागे येऊन उभी राहिली होती. तिनंही वाकून एका खाचेत बोट घातलं. मग नात म्हणाली, "मिलानच्या शाळेत आम्हाला आपल्या गावाबद्दल लिहायचंय. हे लिहू?"

मी म्हटलं, "लिही. पण थांब, आधी जाळी काढतो. आत किती पाणी आहे ते बघू."

द्राक्षबागायतदारानं बॅटरी आणली, दोघांनी मिळून जाळी सरकवली आणि आठही जण काठावर वाकलो. खूप खाली उजेड हलला. पाणी होतं.