टनामागचा एक रुपया आणि धडगावचा प्रश्न



धडगाव गटाच्या बैठकीत एक वयस्क सभासद उभे राहिले आणि सरळच म्हणाले, "साहेब, आमच्या उसातला टनामागं एक रुपया पुण्याला जातो म्हणतात. तो परत कधी येतो?" हशा पिकला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता, म्हणून हे चार शब्द.

हा रुपया मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटला जातो. 1975 साली सहकारी कारखान्यांनीच ती डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट या नावाने उभी केली. 1989 साली वसंतदादा पाटील गेल्यानंतर तिला त्यांचे नाव मिळाले. एकरी चाळीस टन ऊस घातला, तर एकराचे चाळीस रुपये तिकडे जातात.

यात एक गोम आहे. 2023-24 च्या हंगामात राज्यात पावणेअकरा कोटी टनांच्या आसपास गाळप झाले. 2024-25 मध्ये ते साडेआठ कोटींच्या घरात आले. म्हणजे पाऊस दगा देतो, ऊस घटतो, आणि संशोधनाची खरी नड असते तेव्हाच संस्थेचा रुपयाही घटतो. नवी जात तर वर्षात होतच नाही. आंबोलीला उसाला तुरा चांगला येतो म्हणून संस्था तिथे संकर करते. पण निवड होत होत जात फडात यायला दहा-बारा वर्षे जातात. कोइमतूरच्या 86032 मधले 86 म्हणजे 1986, आणि आपल्याकडे ती 'निरा' नावाने आली 1996 ला! तेव्हा 'यंदा काय केले' याचे उत्तर एका अहवालात पुरते मिळणार नाही. 2025 साली सरकारनेही या रुपयाच्या विनियोगाची माहिती मागवली. त्यात वावगे काही नाही. पैसा उसाचा आहे.

पुढची दिशा म्हणाल, तर बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टबरोबर संस्थेने 'एआय'चे काम धरले आहे. जमिनीतले सेन्सर, हवामान केंद्र आणि उपग्रहाची चित्रे यांवरून पाणी-खताचा सल्ला मोबाइलवर येतो. हेक्टरी 25,000 रुपये खर्चात 9,250 संस्थेचे, 6,750 कारखान्याचे, 9,000 शेतकऱ्याचे. चांगले आहे. पण रेंजसाठी टेकडी चढावी लागते त्या पाड्यावर हे कसे पोचणार? माझ्या मते इथे आधी बेणे पाहिजे. धडगावकडे ऊस थोडा आणि कोयते फार. दिवाळी झाली की घरेच्या घरे गुजरातच्या कारखान्यांवर जातात. ज्याच्या विहिरीला पाणी आहे, त्याचा अर्धा एकर नीट पिकला तर निदान एक कोयता घरी राहील. आणि त्या अर्ध्या एकरात आपण काय लावतो? शेजारच्या खोडव्याचे तुकडे. यात चूक आमच्या शेतकी खात्याचीही आहे. मूलभूत बेणे संस्थेकडून आणायचे, मळ्यात वाढवून पायाभूत आणि मग प्रमाणित बेणे सभासदाला द्यायचे, ही साखळी आपल्याकडे मधेच तुटते. पाण्याचा ताण बऱ्यापैकी सोसणारी व्हीएसआय 08005 या गटात लावून पाहावी, असे मी सुचवले आहे.

संस्थेच्या 'ज्ञानयाग' प्रशिक्षणाला व महिलांच्या 'ज्ञानलक्ष्मी'ला ज्यांना जायचे असेल, त्यांनी गट कार्यालयात नावे द्यावीत. येताना मातीचा नमुनाही आणावा: शेतात आठ-दहा ठिकाणची माती मिसळून अर्धा किलो, खत टाकण्यापूर्वीची. बांधाजवळची किंवा उकिरड्याच्या जागेची नको.