वित्तसल्लागार, वैयक्तिक

व्यक्ती वा कुटुंब यांना त्यांचे उत्पन्न, बचत, कर्ज, विमा, करदेयता, गुंतवणूक व वारसा यांविषयी मोबदला घेऊन मार्गदर्शन करणारा व्यावसायिक. व्यवहारात ‘सल्लागार’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. विमापत्र विकणारा प्रतिनिधी, म्युच्युअल फंडाचा वितरक, बँकेच्या शाखेतील अधिकारी, आयकराची विवरणपत्रे भरून देणारा करसल्लागार, सनदी लेखापाल आणि वकील ह्या सर्वांनाच लोक आर्थिक बाबतींतील सल्लागार मानतात. वस्तुतः ह्यांचे व्यवसाय भिन्न असून त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या यंत्रणा, मोबदल्याच्या पद्धती आणि ग्राहकाशी असलेले कायदेशीर नाते ही सर्वच वेगवेगळी आहेत. म्हणूनच सल्ला कोणता घ्यावा ह्याआधी तो कोणाकडून घ्यावा, हा प्रश्न उपस्थित होतो. त्याचे उत्तर प्रश्नाच्या स्वरूपावर अवलंबून असते. व्यक्तीच्या नावलौकिकावर नव्हे.

रायगड जिल्ह्याची (१९८१ पूर्वीचा कुलाबा जिल्हा) किनारपट्टी ह्या दृष्टीने उद्‌बोधक आहे. उरण, अलिबाग, मुरूड व श्रीवर्धन ह्या तालुक्यांत शेती, मिठागरे, मासेमारी, नारळी-पोफळीच्या वाड्या, मुंबईतील चाकरी आणि आखाती देशांतील नोकरी असे उत्पन्नाचे अनेक मार्ग एकाच गावात, कित्येकदा एकाच घरात आढळतात. त्यांतच विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जमिनीच्या पैशाची भर पडली. हंगामी व तुटपुंज्या उत्पन्नावर चालणाऱ्या कुटुंबाच्या हाती एकाएकी मोठी रक्कम येणे, हा ह्या पट्ट्यातील नित्याचा अनुभव आहे, आणि सल्ल्याची खरी कसोटी तेथेच लागते.

जुन्या काळी खेड्यात पैशाचा सल्ला देणारा आणि पैसा देणारा एकच असे. खोत व सावकार ह्यांच्याकडून पेरणीच्या वेळी उचललेले धान्य सुगीत दीडपटीने फेडावे लागे. मच्छीमाराला जाळ्यासाठी आगाऊ रक्कम देणारा व्यापारी मासळीचा भाव स्वतःच ठरवी. व्याज मुद्दलापेक्षा अधिक होऊ नये, हा दामदुपटीचा नियम मुंबई इलाख्यातील न्यायालये हिंदू ऋणकोंच्या बाबतीत मान्य करीत. पण हिशेबाची वही धनकोच्या हाती असल्याने त्याचा उपयोग थोड्यांनाच होई. अलिबाग तालुक्यातील चरी व आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ ह्या काळात खोतांच्या जमिनी न कसण्याचा जो दीर्घ संप केला, त्याच्या मुळाशी खंडाबरोबरच ही परावलंबी हिशेबपद्धतीही होती. १९४९ च्या कायद्याने खोती नष्ट झाली. तथापि, ज्याचा लाभ आपल्या निर्णयात गुंतलेला आहे त्याच्याकडूनच तो निर्णय घेण्याची रीत मात्र नव्या रूपांत टिकून राहिली.

नव्या व्यवस्थेत बचत घरोघर पोहोचविण्याचे मोठे काम टपाल खाते, आयुर्विमा महामंडळ (स्थापना १९५६) व सहकारी पतसंस्था ह्यांच्या प्रतिनिधींनी केले. १९७२ मध्ये सुरू झालेल्या महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेतील प्रतिनिधी स्त्रिया दरमहा घरी येऊन टपाल खात्यातील आवर्ती ठेवीचे हप्ते नेत. पिग्मी ठेवीची रक्कम तर रोज गोळा होई. ह्या व्यक्ती गावातल्याच व ओळखीच्या असल्याने त्यांच्यावर विश्वास असे आणि पुष्कळ कुटुंबांना बचतीची शिस्त त्यांच्यामुळेच लागली, हे मान्य केले पाहिजे. मात्र ते वितरक होत. अमुक योजना ह्या कुटुंबास योग्य आहे किंवा नाही हे तपासण्याची जबाबदारी त्यांच्यावर नव्हती.

विक्रेता व सल्लागार ह्यांतील भेद भारतात कायद्याने स्पष्ट झाला तो बराच उशिरा. भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळाने (सेबी) गुंतवणूक सल्लागारांसंबंधीचे विनियम २०१३ मध्ये लागू केले. त्यांनुसार मोबदला घेऊन रोख्यांतील गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्यास नोंदणी आवश्यक ठरली. नोंदणीकृत सल्लागाराने ग्राहकाशी लेखी करार करावा, त्याची जोखीम पेलण्याची कुवत तपासावी, दिलेला सल्ला त्याला का योग्य आहे ह्याची नोंद ठेवावी आणि ग्राहकाचे हित स्वतःच्या हितापुढे ठेवावे, असे बंधन आहे. २०२० च्या दुरुस्तीने एकाच कुटुंबाला सल्ला शुल्क घेऊन देणे आणि त्याच कुटुंबाला योजना विकून दलाली घेणे, ह्या दोन्ही गोष्टी एकत्र करण्यास मनाई झाली. तसेच नोंदणी नसलेल्या वितरकांना स्वतःस स्वतंत्र वित्तसल्लागार वा संपत्ती सल्लागार म्हणविता येईनासे झाले. सल्लागाराचे शुल्क रोखीने घेता येत नाही. शुल्काला कमाल मर्यादाही आहे : एक तर सल्ल्याखालील मालमत्तेच्या वार्षिक २·५ टक्के किंवा ठरावीक रक्कम, ही ठरावीक रक्कम २०२० मध्ये प्रत्येक कुटुंबामागे वर्षाला १,२५,००० रु. होती व २०२५ च्या आरंभी ती १,५१,००० रु. करण्यात आली. ह्या कमाल मर्यादा आहेत, रूढ दर नव्हेत.

सल्लागाराच्या नोंदणी क्रमांकाचा आरंभ ‘आयएनए’ ह्या अक्षरांनी होतो, तर म्युच्युअल फंडाच्या वितरकाला ‘एआरएन’ क्रमांक मिळतो. दोन्हींची खातरजमा अनुक्रमे सेबी आणि म्युच्युअल फंडांची संघटना (ॲम्फी) ह्यांच्या जाहीर याद्यांवरून करता येते. वितरकास मोबदला ग्राहक थेट देत नाही. तो योजनेच्या खर्चातून वर्षानुवर्षे वळता होतो. १ ऑगस्ट २००९ पासून म्युच्युअल फंडाचे प्रवेशशुल्क रद्द झाले आणि १ जानेवारी २०१३ पासून वितरकाविना थेट गुंतवणुकीची सोय झाली. थेट व नेहमीच्या योजनेच्या खर्चांत वर्षाला एक टक्क्याचा फरक धरल्यास २० लाख रुपयांच्या गुंतवणुकीवर तो २०,००० रुपये होतो; इतक्या रकमेत शुल्क घेणारा सल्लागार परवडू शकतो. उलट दरमहा २,००० रुपये गुंतविणाऱ्या कोळी वा शिक्षक कुटुंबास पहिल्या वर्षी हाच फरक अडीचशे रुपयांहूनही कमी पडतो आणि सल्लागाराचे ठरावीक शुल्क त्याच्या कित्येक पट होते. तेव्हा शुल्क घेणारा सल्लागार तो चांगला व दलाली घेणारा वितरक तो वाईट, असा सरसकट निष्कर्ष चुकीचा ठरेल. प्रामाणिक वितरक लहान बचतदाराला पुरेसा असतो; फक्त तो विक्रेता आहे ह्याचे भान सुटता कामा नये. नोंदणीकृत सल्लागारांची संख्याही साऱ्या देशात हजाराच्या आसपास असून ते मुख्यतः मोठ्या शहरांत आहेत. परिणामी, किनाऱ्यावरील कुटुंबाला बहुधा मुंबई-पुण्याकडील सल्लागाराशी दूरध्वनीवरून वा संगणकाद्वारे व्यवहार करावा लागतो.

विमाप्रतिनिधी विमा कंपनीचा प्रतिनिधी असतो, ग्राहकाचा नव्हे. बचतीची जोड असलेल्या पारंपरिक विमापत्रांत पहिल्या वर्षीच्या हप्त्यातील मोठा भाग दलालीत जात आला आहे, त्यामुळे निव्वळ मुदतीच्या विम्यापेक्षा अशी विमापत्रे अधिक आग्रहाने खपविली जातात. बँकेचा अधिकारीही ह्याला अपवाद नाही. बँका विमा कंपन्यांच्या अभिकर्त्या म्हणून काम करतात आणि ठेव मोडून विमापत्र घेण्याचा सल्ला त्या काउंटरवरूनच मिळतो. विमापत्र हाती आल्यापासून ३० दिवसांच्या आत ते परत करण्याचा हक्क आयुर्विमाधारकास आहे. तो फारसा वापरला जात नाही.

जमिनीच्या पैशाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा असतो. नवी मुंबईसाठी १९७० पासून उरण-पनवेल भागातील जमिनी संपादन करण्यात आल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पाच शेतकरी गोळीबारात मृत्युमुखी पडले आणि त्यानंतर संपादित जमिनीच्या १२·५ टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना अस्तित्वात आली. पुढे मांडव्यापर्यंतची रो-रो नौकासेवा (मार्च २०२०) व शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू (१२ जानेवारी २०२४) ह्यांमुळे अलिबागकडील वाड्यांनाही शहरी गिऱ्हाईक लाभले. अशा व्यवहारात कुटुंबासमोर एकामागून एक निरनिराळे प्रश्न येतात आणि प्रत्येकाचा जाणकार वेगळा असतो.

पहिला प्रश्न मालकीचा. सातबाऱ्यावर मृत आजोबांचे नाव कायम असणे, मुंबईला गेलेल्या चुलत्यांचा हिस्सा न नोंदला जाणे, विवाहित बहिणींचे हक्कसोडपत्र नसणे ह्या कोकणातील सर्वपरिचित अडचणी होत. भूखंड वाटपाबाबत सिडको, मूळ लाभधारक व खरेदीदार ह्यांच्यातील त्रिपक्षीय कराराचा अर्थ लावणे हेही वकिलाचेच काम आहे. ठेवीवरील वा रोख्यांवरील नामनिर्देशन म्हणजे वारसा नव्हे, ही गोष्टही कुटुंबास सहसा वकीलच सांगतो. कंपनीच्या भागांबाबत सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजीच्या निकालात ती पुन्हा स्पष्ट केली आहे.

दुसरा प्रश्न कराचा, व तो सनदी लेखापालाचा. तो खरेदीखतापूर्वी विचारला पाहिजे, पैसे आल्यावर नव्हे. ग्रामीण शेतजमीन आयकरासाठी भांडवली मालमत्ता मानली जात नाही. परंतु दहा हजारांहून अधिक व एक लाखापर्यंत लोकसंख्येच्या नगरपालिकेच्या हद्दीपासून सरळ रेषेत २ किमी.पर्यंतची जमीन ह्या सवलतीबाहेर पडते. (एक लाखाच्या वर हे अंतर ६ किमी. आणि दहा लाखांच्या वर ८ किमी. होते.) त्यामुळे अलिबाग नगरपालिकेच्या वेशीला लागून असलेली वाडी विकणाऱ्यास कर लागू शकतो, तर रेवदंड्याच्या तेवढ्याच शेतजमिनीला बहुधा लागणार नाही. कर लागत असल्यास वडिलोपार्जित जमिनीची १ एप्रिल २००१ रोजीची किंमत नोंदणीकृत मूल्यमापकाकडून ठरवून घेता येते. २३ जुलै २०२४ पूर्वी संपादन केलेल्या जमिनीबाबत निवासी व्यक्तीस महागाई निर्देशांक न लावता १२·५ टक्के किंवा निर्देशांक लावून २० टक्के, ह्यांपैकी कमी येणारा कर भरता येतो. कसलेल्या जमिनीचा नफा दोन वर्षांच्या आत दुसऱ्या शेतजमिनीत घातल्यासही सूट मिळते, आणि ही सूट हुकली की ती परत मिळत नाही. खरेदीखताच्या दिवशी रोख रक्कम स्वीकारण्याचे परिणाम हेही लेखापालानेच समजावून द्यावयाचे असतात. आखातातून परतलेल्या म्हसळा-श्रीवर्धनकडील कुटुंबांना लेखापालाची गरज आणखी एका कारणाने भासते : परदेशी वास्तव्य संपताच बँकेतील अनिवासी खात्यांचा दर्जा बदलावा लागतो आणि त्यांच्या व्याजावरील करसवलतही बदलते.

ह्या दोन्ही बाबी मार्गी लागल्यावरच गुंतवणुकीचा सल्ला लागतो, आणि त्याची घाई नसते. पैसा काही महिने बँकेत पडून राहिल्याने होणारे नुकसान थोडे असते. चुकीच्या हाती गेल्याने होणारे भरून येत नाही. सनदी लेखापाल व वकील ह्यांना त्यांच्या व्यवसायाच्या अनुषंगाने गुंतवणुकीविषयी बोलण्याची मुभा विनियमांत आहे. परंतु विवरणपत्र भरणारा कोणीही गुंतवणुकीचा जाणकार असतोच, असे नव्हे.

बँक निवडतानाही सल्ल्याइतकीच सावधगिरी लागते, हे ह्या जिल्ह्याला महागात पडून कळले आहे. पेण अर्बन सहकारी बँकेतील कर्जव्यवहारांचे गैरप्रकार उघडकीस आल्यावर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१० मध्ये तिच्यावर निर्बंध घातले. त्या वेळी ठेव विम्याची मर्यादा दरडोई केवळ एक लाख रुपये होती. फेब्रुवारी २०२० मध्ये ती पाच लाख झाली. पुढे ऑगस्ट २०२१ मध्ये पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने रद्द केला. ठेव विमा एका बँकेतील एका ठेवीदाराच्या सर्व ठेवींना मिळून असतो. शाखा बदलल्याने तो वाढत नाही. सहकारी पतसंस्थांच्या ठेवींना तर हे संरक्षण मुळीच नाही, मग पाटीवर ‘बँक’ ह्या शब्दाशी मिळतेजुळते नाव असो वा संचालक गावातील प्रतिष्ठित असोत. दामदुप्पट परताव्याच्या योजना आणि समाजमाध्यमांवरून शेअरबाजाराच्या टिपा विकणारे अनोळखी गट ह्यांना सल्लागार म्हणणेच अयोग्य आहे. ठेवी बुडविणाऱ्या वित्तीय संस्थांची मालमत्ता जप्त करण्याची तरतूद महाराष्ट्राच्या १९९९ च्या ठेवीदार हितसंरक्षण अधिनियमात आहे. अनियंत्रित ठेव योजनांवर केंद्राने २०१९ मध्ये बंदी घातली. मात्र ह्या कायद्यांन्वये होणारी वसुली वर्षानुवर्षे चालते.

सल्लागार नेमताना त्याला विचारावयाचे प्रश्न थोडे आहेत : त्याची नोंदणी कोणाकडे आहे, त्याला पैसे कोण देते, सुचविलेल्या योजनेतून तो वा त्याचा कोणी नातलग दलाली घेतो काय, आणि योजना मध्येच सोडल्यास किती नुकसान होते. उत्तरे लेखी देण्यास जो कांकूं करतो, त्याला नेमू नये. गुंतवणुकीचे पैसे सल्लागाराच्या खात्यात भरावयाचे नसतात. ते थेट फंडाच्या, बँकेच्या वा विमा कंपनीच्या नावे जातात. कोऱ्या अर्जांवर सह्या करून देण्याची गावाकडील सवय विशेष घातक आहे.

तक्रार कोठे करावयाची, हेही व्यावसायिकाच्या प्रकारावर ठरते. सेबीकडे नोंदलेल्या सल्लागाराविरुद्ध व म्युच्युअल फंडांविरुद्ध सेबीच्या ‘स्कोअर्स’ ह्या यंत्रणेकडे, विमा कंपनीविरुद्ध विमा लोकपालाकडे आणि बँकेविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (एकात्मिक योजना, २०२१) दाद मागता येते. लोकपालाकडे जाण्यापूर्वी संबंधित संस्थेकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते. सनदी लेखापालांच्या गैरवर्तनाची चौकशी १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेली त्यांची संस्था करते, तर वकिलांची राज्याची वकील परिषद. पतसंस्थेच्या ठेवीदाराला सहकार खात्याच्या निबंधकाकडे जावे लागते. रायगड जिल्ह्यासाठी त्याचे जिल्हा कार्यालय अलिबाग येथे आहे.