शोध नदीत, निकाल मोबाइलवर

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा १९२८ सालचा दगडी पूल कोसळला. राजापूर-बोरिवली आणि जयगड-मुंबई या दोन एसटी गाड्या आणि एक खासगी प्रवासी गाडी त्या काळोखात पुराच्या पाण्यात गेली. महाबळेश्वरावर कोसळलेला पाऊस पोटात घेऊन सावित्री त्या रात्री फुगून वाहत होती. पुढचे कित्येक दिवस राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि तटरक्षक दल शोध घेत राहिलं. क्रेनला तीनशे किलोचं लोहचुंबक बांधून नदीचा तळ चाचपला गेला. त्यातून जे हाती आलं ते कुणाच्या अंदाजात बसणारं नव्हतं. एका एसटीच्या चालकाचा मृतदेह दोनच दिवसांत बाणकोटच्या खाडीतून समुद्रात जाऊन थेट दापोली तालुक्यातल्या आंजर्ल्याच्या किनाऱ्याला लागला. हरिहरेश्वरच्या बाजूलाही मृतदेह मिळाले. माणसं इतकी लांब गेली म्हणजे गाड्याही समुद्राला मिळाल्या असणार, असं काठावर उभ्या असलेल्या कुणालाही वाटलं असतं. प्रत्यक्षात पहिल्या एसटीचा सांगाडा ११ ऑगस्टला, नवव्या दिवशी, नौदलाच्या पाणबुड्यांना पुलापासून जेमतेम दोनेकशे मीटरवर सापडला. दुसरी गाडी आणखी दोन दिवसांनी मिळाली, तीही नदीच्याच पात्रात.

हा तपशील इतका सविस्तर देण्याचं कारण आहे. बेपत्ता माणसाबद्दल घरबसल्या बांधलेला तर्क किती चुकू शकतो, याचं यापेक्षा ढळढळीत उदाहरण महाड-पोलादपूरकरांना दुसरीकडे शोधावं लागणार नाही. माझं म्हणणं असं आहे की पाहिलेली गोष्ट शोधणाऱ्यांना सांगणं आणि न पाहिलेल्या गोष्टीचा चारचौघांत निकाल देणं, ही दोन कामं एकमेकांच्या विरुद्ध दिशेने जातात. आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर कुणाला तरी मृतदेह दिसला आणि ते पोलिसांना कळवलं गेलं, तेव्हा एका कुटुंबाची वाट पाहणं संपलं. ‘मला वाटतं असं झालं असेल’ या वाक्याने मात्र एकही माणूस सापडत नाही. त्याने जिवंत माणसांचं नुकसान होतं. आणि अशा वाक्यांना रान मोकळं मिळतं ते सरकारी मौनामुळे, हा माझ्या म्हणण्याचा दुसरा भाग.

सावित्रीत मगरी आहेत, हे महाडकरांना ठाऊक आहे, आणि शोध घेणाऱ्यांनाही त्याचं भान ठेवावं लागलं. ही झाली माहिती. पण बेपत्ता प्रवाशांच्या बाबतीत मगरींचं नाव घेऊन मोबाइलवर चर्चा रंगवणं ही माहिती नव्हे. ती चर्चा काठावर बसलेल्या बायकोच्या, मुलाच्या हातातल्या फोनवरही येते. या दोन तालुक्यांत तर ती हमखास येते. इथल्या जवळजवळ प्रत्येक वाडीचं एक मंडळ मुंबईत आहे, आणि वाडी आणि मुंबई आता एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर असतात. घाटात दरड आली तर नालासोपाऱ्यातल्या चाकरमान्याला ते तहसील कार्यालयाच्याही आधी कळू शकतं. या जाळ्याने अनेकदा जीव वाचवले असतील, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. मात्र दीडशे किलोमीटरवर बसलेला माणूस काळजीने अर्धमेला झालेला असतो आणि त्याच्यापाशी करण्यासारखं काहीच नसतं. मग तो तर्क करतो. तर्क करणं म्हणजे काहीतरी करणं, असं त्याला वाटतं. हे समजून घेतलं पाहिजे, कारण तर्क करणारे बहुतेक लोक दुष्ट नसतात.

दुष्टपणा नसतानाही काय होऊ शकतं, ते २८ जुलै २०१८ नंतर पोलादपूरने पाहिलं. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस महाबळेश्वरला वर्षासहलीला निघाली होती. आंबेनळी घाटात दाभीळ टोकाजवळ ती कित्येकशे फूट खोल दरीत गेली. तीसजण गेले, एकजण वाचला. महाबळेश्वर ट्रेकर्ससारख्या गिर्यारोहकांनी आणि बचाव पथकांनी धुक्यात, पावसात, दोरांवर उतरून मृतदेह वर आणले. बाहेर फेकले गेलेले ते एकमेव गृहस्थ दरी चढून रस्त्यावर आले होते आणि अपघाताची खबर त्यांनीच दिली होती. त्यांनी खबर दिली नसती तर त्या धुक्यात ती बस किती वेळ ‘बेपत्ता’ राहिली असती, याचा अंदाज घाट पावसाळ्यात पाहिलेल्या माणसाला येईल. पण काही दिवसांतच संशयाची सुई त्यांच्याकडेच वळली. गाडी तेच चालवत होते का? ते एकटेच कसे वाचले? नार्को चाचणी करा, अशी मागणी मृतांच्या नातेवाइकांनी केली, आणि घटनेशी दुरूनही संबंध नसलेल्या हजारो लोकांनी आपापल्या मोबाइलवर खटला चालवून टाकला.

नातेवाइकांना प्रश्न विचारायचा अधिकार होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. घरातला कर्ता माणूस सहलीला जातो आणि परत येत नाही, तेव्हा ‘काय झालं’ हे कळणं ही गरज असते, आणि तीस घरांचा तो प्रश्न झेलायला जिवंत माणूस एकच उरला होता. त्यांनी तो तपास यंत्रणेला विचारला, ते योग्यच. बाकीच्यांचं काय? एखादी गाडी दरीत कोलांट्या घेत जाते तेव्हा कोण बाहेर फेकला जाईल हे दार, खिडकी, गाडीचा कल, झाडाची फांदी यांवर ठरतं. वाचणं हा गुन्ह्याचा पुरावा होऊ शकत नाही. नार्को चाचणीबद्दल सांगायचं तर २०१० मध्ये सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती संबंधित व्यक्तीच्या संमतीशिवाय करता येणार नाही असा निर्णय दिला आहे. म्हणजे जी मागणी ग्रुपवर अगदी साधी, ‘लपवायचं काही नसेल तर करून घ्या ना’ अशी मांडली जात होती, ती आरोपीच्याही बाबतीत सक्तीने करता येत नाही. पुढे पोलादपूर पोलिसांनी गुन्हा नोंदवला तो अपघातातच मृत्यू पावलेल्या चालकावर. तोवरचे महिने वाचलेल्या माणसाने कसे काढले असतील? आपले सहकारी गमावलेल्या त्या माणसाला शोक करायलाही मोकळीक मिळाली नाही. आणि यात तपासाचंही नुकसान असतं. पुढच्या वेळी एखाद्याने दरीत काही पाहिलं, तर तो पुढे येऊन सांगेल की गप्प राहील? खबर देणाऱ्याच्या गळ्यात संशय अडकवणारा समाज पुढची खबर स्वतःच बंद करतो.

हे फक्त मोबाइलमुळे होतं असंही नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी चवदार तळ्याचं पाणी प्यायले, त्यानंतर काही वेळातच महाडात अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत. तसं काहीही ठरलेलं नव्हतं. पण त्यांच्या महाडच्या परिषदेसाठी बाहेरगावाहून आलेली माणसं मांडवात जेवत असताना त्यांच्यावर हल्ला झाला. त्या अफवेला वीज लागली नाही की तार लागली नाही. आधीच मनात असलेला द्वेष पुरला. मोबाइलने बदलला तो वेग आणि अंतर. आंबेनळीच्याच महिन्यात, १ जुलै २०१८ ला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे मुलं पळवणारी टोळी फिरतेय या व्हॉट्सॲपवरच्या अफवेतून भिक्षा मागणाऱ्या, भटक्या जमातीच्या पाच माणसांना जमावाने ठार मारलं. कुठलंही मूल तिथे हरवलेलं नव्हतं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. महाडमध्ये १९२७ साली असो की धुळ्यात २०१८ साली, अफवेचा फटका बसला तो परगावच्या, बाजू घ्यायला गावात कुणी नसलेल्या माणसाला. आंबेनळीचा वाचलेला माणूसही त्या अर्थाने एकटाच होता.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो वजनदार आहे. लोकांनी आवाज उठवला नाही तर पोलीस हलत नाहीत, असं म्हटलं जातं. बऱ्याचदा ते खरं असतं. नवी मुंबईतली एक महिला सहायक पोलीस निरीक्षक एप्रिल २०१६ मध्ये बेपत्ता झाली. संशय एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यावर होता, आणि कुटुंबीयांनी उच्च न्यायालयापर्यंत पाठपुरावा केला, माध्यमांनी तो विषय धरून ठेवला, म्हणून तपास पुढे सरकला. नऊ वर्षांनी, एप्रिल २०२५ मध्ये, पनवेलच्या सत्र न्यायालयाने त्या अधिकाऱ्याला जन्मठेप दिली. पण त्या कुटुंबाने नेमकं काय केलं ते पाहावं. त्यांनी तारखा दिल्या, अर्ज दिले, न्यायालयात कागद ठेवले, आणि तपास का होत नाही हा प्रश्न यंत्रणेला विचारला. दबाव होता तो सत्तेवर. ज्याच्या हाती अधिकार आहे त्याला जाब विचारणं हे नागरिकाचं काम आहे. ज्याच्या हाती काहीच नाही त्या साक्षीदाराला, शेजाऱ्याला किंवा वाचलेल्या प्रवाशाला दोषी ठरवणं हे त्या कामाचं रूप म्हणून खपवता येणार नाही. सावित्रीच्या वेळीही विचारण्यासारखे खरे प्रश्न होते. मे महिन्यात पाहणी होऊन वाहतुकीला योग्य ठरलेला पूल ऑगस्टमध्ये कसा पडला, हा त्यांतला पहिला. त्यासाठी न्यायमूर्ती शानभाग यांचा चौकशी आयोग नेमला गेला. त्या आयोगाचा पाठपुरावा किती लोकांनी केला, हे ज्याचं त्याने आठवावं.

दुसरा आक्षेप असा की हजार डोळे शोधू लागले तर काहीतरी सापडणारच. २०१३ च्या एप्रिलमध्ये बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले, तेव्हा रेडिट या संकेतस्थळावर असेच हजारो डोळे कामाला लागले. त्यांनी संशयित म्हणून बोट दाखवलं ते महिनाभर आधी बेपत्ता झालेल्या, भारतीय वंशाच्या एका विद्यार्थ्याकडे. त्याला शोधण्यासाठी घरच्यांनी उघडलेलं फेसबुकचं पान शिव्याशापांनी भरलं आणि त्यांना ते बंद करावं लागलं. तो विद्यार्थी स्फोटांच्या आधीच वारलेला होता. काही दिवसांनी त्याचा मृतदेह प्रॉव्हिडन्सच्या नदीत मिळाला. संकेतस्थळाच्या व्यवस्थापकांनी जाहीर माफी मागितली. एकाच फोटोकडे हजारजण पाहू लागले की प्रत्येकजण आधीच्या माणसाने दाखवलेलंच पाहतो, आणि चूक हजारपट ठाम होते.

आता सरकारी मौनाकडे वळतो. इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात जानेवारी २०२३ मध्ये एक महिला नदीकाठावरून बेपत्ता झाली. ती पाण्यात पडली असावी असं पोलिसांना सुरुवातीपासून वाटत होतं, पण लोकांना त्यामागची कारणं नीट सांगितली गेली नाहीत. मग व्हिडिओ करणारे गावात येऊन लोकांच्या अंगणात शिरू लागले, आणि पोलिसांना त्यांना हुसकावून लावण्याचे आदेश काढावे लागले. २३ दिवसांनी तिचा मृतदेह त्याच नदीत, बेपत्ता झाली त्या जागेपासून साधारण मैलभर खाली मिळाला. अपघाताने बुडून मृत्यू, असा निष्कर्ष निघाला. नंतरच्या परीक्षणात पोलीस प्रशिक्षण संस्थेने स्पष्ट म्हटलं की माहितीची पोकळी पोलिसांनीच निर्माण होऊ दिली होती. ही पोकळी महाडलाही परिचित आहे. २४ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी काजळपुऱ्यातली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली, तेव्हा पहिल्या काही तासांत दोनशे माणसं ढिगाऱ्याखाली असल्याचे आकडे देशभर गेले. कोण घरात होतं, कोण बाहेर होतं, कोण लॉकडाउनमध्ये गावी गेलं होतं, याची यादी रहिवाशांकडून नावागणिक जुळवत गेल्यावर आकडा खाली आला. अखेरीस १६ जण गेले. त्या ढिगाऱ्यातून १९ तासांनी एक चार वर्षांचा मुलगा जिवंत निघाला. ‘आता कुणी वाचलं नसेल’ असं त्या रात्री ज्यांनी लिहिलं असेल, त्यांच्या तर्काची किंमत त्या मुलाकडे पाहून करावी.

२२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली तेव्हा महाड शहरच पाण्यात होतं, वीज नव्हती, मोबाइलचे मनोरे बंद होते. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही दरडी आल्या. त्या काळोखात तळियेचे आकडे रोज बदलत राहिले, आणि त्याबद्दल कुणाला दोष देणं अवघड आहे. शेवटी ५३ मृतदेह मिळाले. ३१ जण मिळाले नाहीत आणि २६ जुलैला शोध थांबवताना त्यांना मृत मानण्यात आलं. साध्या कायद्याने बेपत्ता माणसाच्या मृत्यूचं अनुमान सात वर्षांनी निघतं, भारतीय पुरावा कायद्याचं कलम १०८ ते सांगत होतं. सरकारला तळियेत ती वाट सोडावी लागली, नाहीतर वारसांना मदत, वारसनोंद, विमा सगळंच अडलं असतं. हा निर्णय गावाशी बोलून, नातेवाइकांच्या इच्छेने झाला. नाव, नातं, शेवटी कुठे पाहिलं, कोण साक्षीला आहे, हे सगळं नोंदवून घेतल्याशिवाय तो होऊच शकत नव्हता. बेपत्ता माणूस ‘आहे की नाही’ हे ठरवायला लागणारं काम असं कंटाळवाणं, कागदी आणि सावकाश असतं.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ५४ मध्ये घबराट पसरवणारी खोटी सूचना देणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. प्रशासनाला हे कलम लवकर आठवतं. मला ते पुरेसं वाटत नाही, आणि एकट्याने वापरलं तर धोक्याचंही वाटतं, कारण खरी गैरसोय सांगणाऱ्यालाही त्याच कलमाचा धाक दाखवता येतो. आधी प्रशासनाने आपली बाजू पुरी करावी. ऐन आपत्तीत अधिकाऱ्यांना पत्रकं काढायला वेळ कुठून मिळणार, असं विचारलं जाईल. पण तोच अधिकारी दिवसभर शंभर फोनवर शंभर वेळा तेच सांगत असतो. दोनदा लिहून लावलं तर त्याचाच वेळ वाचेल. महाड आणि पोलादपूरच्या तहसील कार्यालयांनी पावसाळ्यापूर्वीच ठरवून ठेवावं की शोध चालू असेल तोवर सकाळी आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी एकच अधिकारी बोलेल आणि तेच पत्रक वाड्यांच्या ग्रुपवर आणि मुंबईतल्या मंडळांकडे जाईल. त्यात आज नदीचा किंवा दरीचा कोणता भाग तपासला, तिथे काय मिळालं आणि काय मिळालं नाही, उद्या कुठे जाणार, हे असावं. काही पाहिलेल्याने कुणाला फोन करायचा तो नंबर असावा, आणि फोन करणाऱ्याचं नाव गुप्त राहील याची हमी असावी. बेपत्तांची यादी नातेवाइकांना आधी दाखवून मगच बाहेर जावी. यादीतलं एखादं नाव कमी झालं, तर तो माणूस सुखरूप मिळाला, रुग्णालयात आहे की त्या दिवशी तो गावातच नव्हता, हे त्याच पत्रकात लिहिलेलं असावं.