माळव्याची अफू, चीनचा किनारा

मूळच्या आम्ही बेळगावच्या, पण तीस वर्षे इंदूरला. क्रूझवर गेलो तेव्हा जहाज ग्वांगचौजवळच्या नान्शा बंदरात दिवसभर थांबले. मंडळी खरेदीला पळाली. आम्ही दोघे मोटारीने खाडीवरचा पूल ओलांडून हुमेनच्या अफूयुद्ध संग्रहालयात गेलो. १८३९ साली लिन झेशू या चिनी अधिकाऱ्याने परदेशी व्यापाऱ्यांच्या वीस हजारांवर पेट्या अफू ताब्यात घेऊन इथल्याच तळ्यांत चुना-मिठाने नासवली. त्यात बंगालबरोबर आमच्या माळव्याचाही माल होता!

त्या पेट्यांमागे माळव्यातल्या सावकारांचा पैसा असे. १८४३ मध्ये सिंध घेतल्यावर इंग्रजांनी कराचीची चोरवाट बंद केली. मग इंदूरला काट्यावर तोलून, पेटीमागे कर भरूनच माल मुंबईला व तिथून चीनला जाई. ज्या सराफ्यात आपण रात्री गराडू खातो, तो पेढ्यांचाच बाजार बरं का!

बेळगावला जाऊबाई सणाला गसगसे पायसा करतात. ती खसखस त्याच बोंडातली, नशा चिकात. मंदसौर-नीमचला परवान्याने ही शेती आजही होते.

तिथल्या मुलीने विचारले, "कुठल्या तुम्ही?" मोबाइलवरच्या नकाशात मी मुंबईच्या वर बोट ठेवले. "माळवा," तीच म्हणाली.